डाळीच्या गावात डाळ शिजेना

लातूर म्हणजे डाळीचं गाव. एमआयडीसीत डाळमिली, मार्केट यार्डात तुरीचे ढीग, इथून गाड्याच्या गाड्या भरून डाळ बाहेर जाते. आणि आमच्याच घरी परवा कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी पाणी एकीकडं न् डाळ एकीकडं, रवीनं घोटून घोटून हात दुखला पण दाणा काही जागा सोडेना. आईचं ठरलेलं, "जुनी डाळ गळ्यात मारली मेल्यानं." पण त्याच पोत्यातली दोन किलो डाळ ताई मुंबईला घेऊन गेली होती आणि तिचा फोन, की अगं तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. मग दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ राहिला नाही. डाळ तीच, कुकर तसलाच, फरक फक्त पाण्याचा. मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाचं पावसाळी तलावाचं पाणी, आणि आमच्या टाकीत बोअरचं.

"पाणी जड आहे" हे आपल्याकडं सगळेच म्हणतात. कुणी क्षाराचं म्हणतं, कुणी मचूळ, शाळेच्या पुस्तकात ह्याला दुष्फेन पाणी म्हणायचे. तो शब्द पाठ करून परीक्षेत लिहिला आणि विसरलो, पण शब्द चांगला आहे, फेन म्हणजे फेस, ज्याला साबणाचा फेस धड येत नाही ते दुष्फेन. बास, एवढीच व्याख्या.

आता हे नळाला कसं येतं ते बघा. आमच्या अपार्टमेंटला दोन लाईनी, एक महापालिकेची, म्हणजे धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी, ते नेमून दिलेल्या दिवशीच येतं, आणि दुसरी बोअरची. दोन्ही खालच्या हौदात एकत्र होतात, मोटर लावली की वर टाकीत. त्यामुळं "आमच्या नळाचं पाणी" असं एक काही नसतंच, नळ आला त्या दिवशी साबणाला फेस, दोन दिवसांनी हौदात बोअर सोडला की फेस गायब. २०१६ च्या एप्रिलात दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं ते आठवत असेल, पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि एकेका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर, त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी बोअर खोल नेले ते अजून तिथूनच पाणी उपसतायत. आणि खाली गेलेलं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं असतं म्हणून बहुतेक वेळा त्यात क्षारही जास्त. बहुतेक वेळा म्हणतोय कारण नियम असा काही नाही, एकाच गल्लीत ह्याच्या बोअरचं पाणी गोड आणि भिंतीपलीकडच्याचं तोंडात धरवत नाही असं होतं.

क्षार येतात कुठून तर खालच्या दगडातून. पावसाचं पाणी मूळचं एकदम मऊ, त्यात काहीच नसतं. पडता पडता ते हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड घेतं, आणि मातीत शिरलं की तिथं मुळं श्वास घेत असतात, पालापाचोळा कुजत असतो, तिथून भरपूर घेतं. म्हणजे जमिनीखाली जाणारं पाणी हे अगदी फिकट सोड्याच्या बाटलीसारखं झालेलं असतं, किंचित आंबट. असं पाणी वर्षानुवर्षं दगड चाटत राहतं. आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही आहेत. त्यात परत मधेमधे मांजऱ्या लागतो, विहीर खणणाऱ्यांना विचारा, भोकंभोकं असलेला खडक, त्या भोकांत पांढरे खडे भरलेले असतात, त्यातले काही चक्क चुन्याचेच. आणि वरच्या काळ्या मातीत चुनखडी किती असते ते शेतकऱ्याला सांगायला नको, मोसंबीची पानं पिवळी पडली की पहिला संशय तिच्यावरच. तर ह्या सगळ्यातून कॅल्शियम न् मॅग्नेशियम विरघळून पाण्यात उतरतं. दिसत नाही, वास नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ. जड पाणी गढूळ नसतं, हे डोक्यात पक्कं असू द्या कारण पुढं तुरटीचा विषय येणार आहे.

मोजायचं कसं? लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार, कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या, हिशोबात. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. अमेरिकेतली भूगर्भ खात्याची वर्गवारी तर १८० च्या वर गेलं की सरळ अति जड म्हणते. आमच्या बोअरचं तपासून आणलं तर ४२० निघालं. तपासणी साधी असते, प्रयोगशाळेत पाण्यात एक रंग टाकतात, पाणी दारूसारखं लालसर होतं, मग थेंब थेंब दुसरं औषध सोडत जायचं, ज्या थेंबाला लालाचं निळं झालं तिथं थांबायचं आणि किती लागलं ते वाचायचं. घरी करायचे छोटे किटही मिळतात, त्यात नुसते थेंब मोजायचे, बघायला मजा येते, पोरांना द्या करायला.

हा आकडा आणि टीडीएस एक नव्हे! टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, मीठ धरून. पेनासारखं मीटर असतं ते पाण्यातून वीज किती जाते त्यावरून अंदाज सांगतं, पण ती वीज मिठामुळं गेली का कॅल्शियममुळं ते त्याला कळत नाही. टीडीएस ८०० असून पाणी मऊ असू शकतं आणि ५०० असून डाळ शिजू न देणारं असू शकतं. आमच्या दारात येणाऱ्या निम्म्या विक्रेत्यांचा धंदा ह्या गोंधळावर चालतो, त्यावर येतोच.

आधी साबण. साबण म्हणजे तेलातल्या चरबीचं सोडियमशी लावलेलं लग्न. पाण्यात कॅल्शियम भेटलं की ते सोडियमला सोडून कॅल्शियमला जाऊन चिकटतं, आणि तयार होतो तो चिकट पांढरट साका, बादलीच्या कडेला बोटानं खरवडला की निघतो तो. तो फेस करत नाही, मळ काढत नाही, उलट कपड्यावर बसतो. हिशोब करून बघितला तर लिटरला ४२० म्हणजे १५ लिटरच्या बादलीत सहा ग्रॅमच्या वर क्षार, आणि एका ग्रॅमला साधारण सहा ग्रॅम साबण असाच बळी जातो. म्हणजे अख्ख्या बादलीला फेस आणायचा तर अडतीसेक ग्रॅम साबण आधी क्षारांना खाऊ घालायचा, शंभर ग्रॅमच्या वडीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि मग कुठं मळाची पाळी. आई आयुष्यभर "ह्या घरात साबण टिकत नाही" म्हणून आम्हा भावंडांवर ओरडायची, तिला हा आकडा दाखवला तर म्हणाली, "मग काय, तुम्ही कमी घासत होता का?"

पावडरचं तसं होत नाही, डिटर्जंट कॅल्शियमनं फाटत नाही, शिवाय पावडरीत धुण्याचा सोडा वगैरे घातलेला असतो तो क्षारांना आधीच पकडतो. तरी जड पाण्यात पावडर जास्त लागते, टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होतात, पांढरे शर्ट करडे दिसायला लागतात. आधी पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून मग पावडर घातली तर फरक कळतो, सुती कपड्यांना चालतं, रेशमी-लोकरीला नको. केसांचंही असंच, साबणानं केस धुतले तर साका केसांवर बसून राठ होतात. शेवटचा एक तांब्या लिंबू पिळलेल्या पाण्याचा घ्या. पण "बोअरच्या पाण्यानं टक्कल पडलं" हे मला पटत नाही, आमच्याकडं टक्कल आजोबांपासून आहे आणि आजोबा नदीवर अंघोळ करायचे.

आता डाळ. डाळीचा दाणा म्हणजे लाखो बारीक पेशी, आणि त्या एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या डिंकानं, पेरूची जेली जमते तेच पेक्टिन. शिजणं म्हणजे गरम पाण्यात हा डिंक सुटणं, पेशी मोकळ्या झाल्या की डाळ एकजीव होते. पण कॅल्शियम आलं की ते डिंकाच्या दोन धाग्यांच्या मधे बसून दोन्हीकडं हात धरतं, टाका घातल्यासारखं. मग कितीही शिट्ट्या करा, टाके सुटत नाहीत. मॅग्नेशियमही हेच करतं. आणि हे नुसतं शिजताना होतं असं नाही, हरभरा रात्रभर बोअरच्या पाण्यात भिजवला की सकाळपर्यंत टाके घालून तयार! म्हणून भिजवायचं पाणीसुद्धा मऊच हवं, लोक शिजवायला फिल्टरचं घेतात आणि भिजवायला नळाचं, तिथंच फसतं.

खायचा सोडा टाकला की शिजते हे खरं आहे, पण सोड्यानं डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व मरतं आणि जास्त पडला तर वरणाला साबणासारखी चव येते, ती चव ज्यानं खाल्ली त्यालाच माहीत. त्यापेक्षा डाळीपुरतं दोन-तीन तांबे पाणी आदल्या दिवशी खळखळून उकळून ठेवा, गार झालं की वरचं हलक्या हातानं ओतून घ्या, तळाला पांढरी पूड बसलेली दिसेल ती सोडून द्या. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच, कारण आंबटानेही डिंक सुटायला उशीर लागतो, म्हणजे जड पाणी आणि वर चिंच, मग तर बोलूच नका.

उकळल्यावर पूड का बसते, तर कॅल्शियम पाण्यात राहतं ते त्या कार्बन डायऑक्साइडच्या जिवावर. पाणी तापवलं की वायू उडून जातो, आधार गेला की चुना खाली बसतो. साखर, मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, चुना उलटा, गरम पाण्यात कमी. असा तापवून जाणारा जडपणा तो तात्पुरता. सल्फेट-क्लोराईडवाला असला तर उकळून जात नाही, त्याला कायमचा म्हणतात, आणि आपल्या पाण्यात बहुतेक दोन्ही मिसळून असतात.

म्हणून जिथं ऊन पाणी तिथं पांढरं. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचा गीझर खटकन ट्रिप व्हायला लागला, मेकॅनिकनं खालची प्लेट खोलली आणि घमेलं लावलं, तर आतून भसाभसा खपल्या पडल्या, अंड्याच्या टरफलासारख्या, निम्मं घमेलं भरलं. कॉईल तर ओळखू येईना, पोवळ्याची फांदी वाटावी अशी झालेली. हिशोब करा, महिन्याला तीन हजार लिटर गरम पाणी धरलं तर आमच्या आकड्यानं त्यात सव्वा किलो क्षार आत शिरतो, त्यातला दहावा हिस्सा जरी आत बसला तरी वर्षाला दीड किलो.

इथं एक गोष्ट सांगतो जी जाहिरातीत उलटी सांगतात. कॉईलच्या गीझरमध्ये खपलीमुळं वीजबिल फार वाढत नाही, कारण कॉईल पाण्यातच बुडालेली, उष्णता जाणार कुठं, शेवटी पाण्यातच. होतं काय, की खपली म्हणजे कॉईलवर घातलेलं ब्लँकेट, आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, कॉईल स्वतःच भयंकर तापते आणि जळते, थर्मोस्टॅट वेड्यासारखा वागतो. खर्च तो. गॅस गीझरला मात्र खरंच जास्त गॅस लागतो, कारण नळीत थर बसला की ज्वाळेची उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी धुराड्यानं वर जाते. तापमान ५०-५५ वर ठेवलं तर चुना कमी बसतो, नाहीतरी ७० वर तापवून परत गार पाणी मिसळूनच अंघोळ करतो आपण. आणि वर्षाला एकदा उघडून साफ करून घ्यायचा, आतला मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर तोही बदलायचा, तो स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही.

गच्चीवरच्या सोलरची तीच कथा, तांब्याच्या नळ्यावाल्यात तर वाट बारीक असते, हळूहळू तुंबते आणि माणूस म्हणतो ह्या वर्षी ऊनच नाही, लातूरला! कूलरमध्ये पाणी तापत नाही पण उडतं, हवेत जातं ते नुसतं पाणी, क्षार मागे गवतावर राहतात, मे संपेपर्यंत गवताची फळी होते, दगडासारखी. आठवड्याला कूलरची टाकी रिकामी करून नवं पाणी भरलं तर खूप वाचतं, नुसती वरून भर घालत राहिलात तर आत पाणी दिवसेंदिवस जडच होत जातं. कोऱ्या चहावर तेलकट तवंग येतो ना, तोही तेल नव्हे, कॅल्शियम आणि चहातला तुरटपणा मिळून झालेली साय, लिंबाचे चार थेंब टाकले की गायब.

लिंबूच का, तर चुन्याला आंबट खातं. किटली, शॉवर, नळाची जाळी ह्याला लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, चमचा-दोन चमचे कोमट पाण्यात घालून तासभर बुडवून ठेवा, बारीक बुडबुडे येतात, चुना सुटतो. बाथरूमवाल्या बाटलीतलं कडक ॲसिड नळाला लावू नका, चकाकी उडते, आणि ते न् ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवाशी खेळ आहे. आणखी एक, आपल्याकडं शहाबादी फरशी घरोघर, ती शहाबादी म्हणजेच चुनखडीचा दगड! डाग काढायला तिच्यावर लिंबू-ॲसिड ओतलं तर डागाबरोबर फरशीच विरघळायला लागते, खरखरीत होते. आमच्या मोरीत एक असा खड्डा आहे, कुणी केला ते सांगत नाही.

तब्येतीचं थोडक्यात. जड पाणी विष नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेलीच नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम शरीराला लागतंच. मुतखड्याची भीती सगळ्यांना, पण आपल्या उन्हात कमी पाणी पिणं हे त्याचं जास्त मोठं कारण. ज्याला आधीच खडे होतात त्यानं डॉक्टरांना विचारावं. काळजी करायचीच तर जे पांढरं दिसत नाही त्याची करा, बोअरच्या पाण्यात फ्लोराईड किंवा नायट्रेट असेल तर ना डाग ना चव, नांदेड-यवतमाळकडच्या काही गावांत फ्लोराईडनं दात-हाडं गेलेली माणसं आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं, बोअर वापरात असेल तर एकदा द्याच.

आता विक्रेते. आमच्याकडं एक टायवाला पोरगा आला, दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढलेलं, दोन्हीत लोखंडी कांड्यांचं यंत्र घालून वीज सोडली. दोन मिनिटांत आमच्या ग्लासात तपकिरी गाळ, त्याचा ग्लास स्वच्छ. शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून, "अगंबाई, हे पितो आपण?" काकू, ती घाण पाण्यातली नव्हती, ती कांडीची होती, पाण्यात क्षार असले की वीज जाते न् लोखंड झिजून गंज पाण्यात उतरतो, आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वीज जात नाही, कांडी झिजत नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक म्हटलं. त्यानं यंत्र आवरलं.

आरओ वाईट नाही, जडपणा खरंच काढतो, पण तो पिण्यापुरता आणि डाळीपुरता, गीझरला त्याचा उपयोग शून्य. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार नाही. यूव्हीनं, म्हणजे अतिनील किरणांनी, जंतू मरतात, क्षार नाही. पाइपला बाहेरून चुंबक लावून देतात, ते लावायच्या आधी आणि नंतर थेंबांच्या किटनं मोजा, आकडा तोच येतो.

अख्ख्या घराचा जडपणा काढायचा तर सॉफ्टनर. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात, मण्यांवर सोडियम चिकटवलेलं, पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून धुवायचे, परत तयार. गंमत म्हणजे मण्यांच्या आधी हेच काम झिओलाइट नावाच्या दगडानं करायचे, आणि मांजऱ्याच्या भोकांत जे पांढरे खडे असतात म्हटलं ना, त्यात चुन्याबरोबर हे झिओलाइटही असतात, दख्खन त्यासाठी जगात प्रसिद्ध आहे. पाणी जड करणाऱ्या दगडाच्या पोटातच औषध.

पण सॉफ्टनरनं टीडीएस कमी होत नाही, एक काढलं दुसरं घातलं, म्हणून मीटर लावून "बंद पडलंय" म्हणू नका, साबण लावून बघा. आणि १०० मिलिग्रॅम जडपणाच्या बदल्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, आमच्या ४२० ला ते १९० च्या पुढं जातं, बीपीवाले घरात असतील तर पिण्याची न् स्वयंपाकाची लाईन त्याच्या आधीच वेगळी काढा. मणी धुतलेलं मिठाचं पाणी झाडांना अजिबात नको, काळी माती सोडियमनं घट्ट होते, पाणी मुरत नाही.

आमच्या सोसायटीनं मीटिंगमध्ये तासभर भांडून सॉफ्टनर काही घेतला नाही. खालचा हौद मात्र मधे भिंत घालून दोन केला, नळाचं वेगळं, बोअरचं वेगळं, आणि किचनला फक्त नळाच्या पाण्याची एक बारीक लाईन ओढली, प्लंबर न् पाइप धरून गीझरच्या एका नव्या कॉईलहून थोडं जास्त गेले प्रत्येकी. आई त्यावर एवढंच म्हणाली की तुमच्या आजीनं हे बिनपैशात केलं होतं, दारात विहीर असून डाळीपुरती एक घागर नदीवरून आणायची, विहिरीचं पाणी धुण्याला. कुणाची विहीर बघायला गेल्या की गावातल्या बायका खोली विचारायच्याच नाहीत, विचारायच्या, "डाळ शिजती का हिच्या पाण्यात?"